सुमतीमावशीची बिनमिठाची पोळी

सुमतीमावशी प्रभुभोजन न घेता गेली. आमच्या मंडळीत ही कुजबुज महिना झाला तरी थांबलेली नाही. जन्मभर चर्चची पायरी झिजवणाऱ्या बाईने शेवटी पाठ फिरवली म्हणे... पाठ कोणी फिरवली ते मी तिच्या उशाशी बसून पाहिलंय, म्हणून लिहिते.

मावशी माझ्या आईची मोठी बहीण, म्हाताऱ्या वयात लालबागला आमच्याकडेच राहायची. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेली, बिनलग्नाची, तोंडाने फटकळ. प्रभुभोजनात भाकर म्हणून मोडतात ती जाड, बिनमिठाची पोळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी तीच करायची. मग साथ आली, गेली, आणि जाताना आमच्या चर्चच्या दोन पंचांना एक विषय देऊन गेली. शांतवनकाका म्हणाले, प्रभूने सगळ्यांना एकाच प्याल्यातून द्राक्षरस दिला, आपणही तसाच घेणार. रत्नाकरकाका म्हणाले, उष्ट्याला तोंड लावायचे दिवस गेले, प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास हवा. झालं. तारणाचा प्रश्न भांड्याच्या मापावर येऊन बसला. एकाच चर्चमध्ये रविवारच्या दोन भक्त्या, म्हणजे उपासना, सुरू झाल्या, प्यालेवाल्यांची सकाळी, ग्लासवाल्यांची संध्याकाळी. चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, दोन्हीकडे मान डोलवायचे, त्यांना स्वतःचं मत असल्याचं कुणी ऐकलेलं नाही. लग्नातल्या बिर्याणीला मात्र दोन्ही बाजू एका पंगतीत. तिथे सिद्धांत कुणाला आठवत नसे.

पोळी मागायला दोघंही मावशीकडेच आले, अर्थात वेगवेगळे. ती एकच पोळी करायची, मधोमध मोडायची आणि अर्धी अर्धी पांढऱ्या फडक्यात बांधून दोन्हीकडे पाठवायची. दोघांनाही वाटायचं, आपली पोळी वेगळी केलेली आहे.

"त्यांना कळलं तर?" मी एकदा विचारलं.

"कळलं तर शरम वाटेल, दुसरं काय," मावशी म्हणाली. "शेंबडी होती दोघं. संडे स्कूलला एका बाकावर बसवून शिकवलंय मी त्यांना."

शरमेबद्दल तिचा अंदाज साफ चुकला.

अंथरुणाला खिळली तेव्हा पाळकसाहेब तिला प्रभुभोजन द्यायला आधी शांतवनकाकांना घेऊन आले, सोबत चांदीचा प्याला. मावशीने मान वळवली. दोन दिवसांनी रत्नाकरकाका आले, प्लास्टिकचा ग्लास घेऊन. तेव्हाही तेच.

"दोघांना एकदम आणा, मग घेते," ती म्हणाली. "कशातून देताय ते तुमचं तुम्ही बघा."

तिला एवढंच हवं होतं. "बघतो बाई," म्हणून पाळकसाहेब गेले ते बघतच राहिले. शांतवनकाका म्हणे, आधी त्याने यावं. रत्नाकरकाका म्हणे, मी का आधी? लालबागमधल्या दोन गल्ल्या, चालत जेमतेम पाच मिनिटं... ती रोज दाराकडे बघायची. मला त्या दोघांची किळस यायची, अजून येते. वाट बघता बघताच ती गेली.

शिवडीच्या कब्रस्तानात दोघंही बोलले. विषय दोघांचाही एकच, मंडळीची एकी. एकाचं भाषण चालू असताना दुसरा फाटकाबाहेर चहा पीत होता.

पुढच्या आठवड्यात पोळीसाठी दोघं माझ्याकडे आले. शांतवनकाका पायऱ्या उतरत होते आणि रत्नाकरकाका चढत होते, मी दोघांना जिन्यातच उभं केलं. सांगितलं सगळं. इतके दिवस तुम्ही एकाच पोळीचे तुकडे खाताय, म्हटलं. दोघांचे चेहरे पडले. मला वाटलं, आता तरी. मावशीचीच भाची मी, तिच्याइतकीच भोळी.

पहिल्या रविवारी सकाळच्यांनी पाव आणला बाजारचा. संध्याकाळच्यांनीही पावच आणला, पण बेकरी दुसरी.

शनिवारी मी मावशीच्या तव्यावर पोळी करून ठेवली होती. न्यायला कुणी आलं नाही. सोमवारी सकाळी पाहिलं तर फडक्यात तशीच, अख्खी होती.