पाचव्या खोलीला कुत्रा हवा

मुलुंडला लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, चला, घराच्या मागे स्वतःची चाळ आहे, म्हणजे आपण मालक. मालक कसले डोंबलाचे! सासऱ्यांनी हौसेने बांधलेल्या पाच कौलारू खोल्या, समोर अंगण आणि अंगणाच्या टोकाला सगळ्यांत मिळून दोन संडास. नळ गळला की बोलवा मालकांना, कौल सरकलं की बोलवा मालकांना, शेजारणीने केर इकडे लोटला तरी बोलवा मालकांना. सासरे गेले आणि हा सगळा कारभार माझ्या गळ्यात पडला, कारण आमच्या ह्यांना भांडणाचं वावडं. कुणी तक्रार घेऊन आलं की हे पेपर तोंडासमोर धरणार आणि आतून म्हणणार, "तूच बघ ना गं जरा."

त्यातही नळ आणि कौलं परवडली. मला खरं पिडलं ते जनावरांनी. चाळीत जनावर पाळायचं नाही, हा सासऱ्यांचा नियम. फाटकावर तशी पाटीसुद्धा रंगवून लावलेली. पण पाटी वाचून ऐकतील ते आमचे भाडेकरू कसले? दुसऱ्या खोलीत मांजर होती. "आमची नाही हो, तीच येते," असं म्हणायचे, आणि ती आपली आपण येणारी मांजर दर पावसाळ्यात त्यांच्याच माळ्यावर पिल्लं घालायची. तिसऱ्या खोलीवाल्यांनी घमेल्यात कासव आणून ठेवलं, कासवाने म्हणे घरात लक्ष्मी येते. लक्ष्मी काही आली नाही, डास आले. चौथ्या खोलीने तर कहर केला. गावच्या देवाला बोललेला नवसाचा कोंबडा मुंबईत आणून ठेवला. का, तर गावी ठेवला तर भाऊबंद खाऊन टाकतील! जत्रेला घेऊन जातो म्हणाले. जत्रा आली, कंपनीने रजा दिली नाही, आणि कोंबडा पुढच्या जत्रेपर्यंत माझ्या खिडकीखाली मुक्कामाला. "देवाचं आहे वहिनी, नाही म्हणू नका." देवाचं नाव आलं की माझी जीभ लुळी पडते, हे त्या मेल्यांनी बरोबर ओळखलं होतं.

म्हणून पाचव्या खोलीतला मुलगा जेव्हा दारात येऊन म्हणाला, "वहिनी, आम्हाला एक कुत्रा ठेवायचाय ना," तेव्हा माझं डोकंच फिरलं. नाही म्हणजे नाही.

पाचव्या खोलीत तीनच माणसं. म्हातारे आजोबा, कोकणातले, सगळा जन्म गिरणीत काढलेला. संपात गिरणी गेली आणि त्याच सुमाराला काचबिंदूने डोळेही गेले. अगदी गेले, उजेड-अंधारही कळत नव्हता. त्यांचा हा मुलगा जवळच्याच एका कारखान्यात कामाला, आणि गावाहून नवीनच आलेली सून. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही, आवाज कधी भिंतीपलीकडे यायचा नाही. चाळीतली सगळ्यांत गरीब खोली कुठली म्हणाल तर ही. आणि आता यांनाही जनावर हवं!

"कशाला हवाय कुत्रा?" मी विचारलं.

"चोरांचं भय असतं ना वहिनी."

"चोर? अरे, अंगणात दिवसभर पाच बायका बसलेल्या असतात. कावळा आला तरी विचारतात, कुणाकडे आलास म्हणून. चोराची काय बिशाद आहे!"

तो गेला. आठवड्याने परत आला. आता म्हणे उंदीर फार झालेत. उंदरांसाठी कुत्रा! मी म्हटलं, दुसऱ्या खोलीतल्या मांजरीला सांग, तिला तसंही काही काम नाही. पुन्हा गेला. मग एका रविवारी आजोबाच आले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. दारात उभे राहिले, पायरीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. "वहिनीनू, कुत्रो ठेवूचो होतो. वायच सोबत होयत." मी म्हटलं, आजोबा, चाळभर माणसं आहेत, सोबतीला काय तोटा? ते मुलाचा खांदा धरून माघारी वळले. मला अश्शी चीड आली! ज्या माणसाला तीन वेळा तीन वेगळी कारणं द्यावी लागतात, त्याचं खरं कारण चौथंच असतं, एवढं मला कळत होतं. ते कुठलं, ते मात्र कुणी बोलेना.

शेवटी बोलली ती सून. मागच्या दाराने वाटी परत करायला आली आणि वाटी हातातून सोडेचना.

"काय गं, काय झालं?"

"वहिनीनू, मामंजी सकाळच्या चायनंतर पाणीच पियत नाय."

मला कळेना. ती जमिनीकडे बघत, एकेक शब्द ओढून काढत बोलली तेव्हा कळलं. मुलगा सकाळी कामावर जाण्याआधी बापाला संडासला नेऊन आणायचा, ते एकदम संध्याकाळी आल्यावर पुन्हा. मधल्या सगळ्या वेळात घरात दोघंच, आंधळा सासरा आणि सून. त्यांच्यात सुनेने सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, समोर उभं राहून बोलायचंही नाही. "माझो हात कसो धरतले ते? मी सून ना त्यांची." आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना, मला संडासला न्या, असं सांगायची म्हाताऱ्याला लाज. म्हणून पाणी बंद. वैशाखातसुद्धा. कोरडी जीभ टाळ्याला लावून बसून राहायचे. फाटकाजवळचा एक तांबडा कुत्रा मात्र रोज सकाळी बापलेकांच्या पुढे पुढे संडासापर्यंत जायचा आणि परत यायचा, चहाबरोबरच्या बटराच्या तुकड्यासाठी. त्याच्या गळ्यात दोरी बांधली तर तो नेतो, हे मुलाने करून बघितलं होतं.

"अगं मग हे सांगायला काय झालं होतं? चोर काय, उंदीर काय!"

"असला तुमका कसा सांगूचा?"

मी कपाळावर हात मारला. एक माणूस दिवसच्या दिवस तहानलेला बसतो, आणि घरात चर्चा कशाची, तर मालकीणबाईंसमोर संडासचा विषय काढायचा कसा! या सभ्यपणाचं काय लोणचं घालायचंय?

रात्री जेवताना मी हे सगळं ह्यांना सांगितलं. ह्यांनी जन्मात पहिल्यांदा चाळीच्या कामात लक्ष घातलं, ते नेमकं इथे. म्हणाले, "कुत्रा कशाला? साधं डोकं चालवायचं. त्यांच्या दारापासून संडासापर्यंत दोरी बांध. धरून जातील, धरून येतील. पाटीचा मानही राहील." मलाही पटलं. दुसऱ्याच दिवशी चांगली जाड नायलॉनची दोरी आणली, खुंट्या ठोकून घेतल्या. आजोबा दोरी धरून एकटे गेले, एकटे आले. हे खिडकीतून बघत होते. छाती इतकी फुगली होती की विचारू नका.

दुपारी बघते तर दोरीवर दोन टॉवेल आणि एक बनियन.

मी काढायला लावले. दुसऱ्या दिवशी चादर. ओरडले. तिसऱ्या दिवशी चौथ्या खोलीचं अख्खं धुणं. "अहो वहिनी, फक्त वाळेपर्यंत!" "आजोबा आत्ताच जाऊन आले ना, आता कुठे जातायत?" "एवढी छान दोरी नुसती मोकळी!" आता मला सांगा, या बायकांशी काय बोलायचं? आमच्या चाळीत दोरी दिसली की तिच्यावर ओला कपडा पडलाच पाहिजे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो. हात आपोआप जात होते. मी रोज घसा फोडून सांगायची, रोज "हो हो" म्हणायच्या, आणि मी पाठ वळवली की चिमटे बाहेर.

आणि व्हायचं तेच झालं. आजोबा दोरी चाचपत चालले होते. हाताला ओलं लागलं. बाजूला सारायला गेले तर ते सगळंच हातात आलं. पहिल्या खोलीतल्या काकूंचा परकर! काकू तिथेच नळावर उभ्या. त्या किंचाळल्या, मग एक जण फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. म्हातारा अंगणाच्या मधोमध तो परकर हातात घेऊन उभा. खाली टाकता येईना, कुणाच्या हातात द्यावा ते दिसेना. सून दारातून बघत होती आणि तिला पुढे होता येत नव्हतं. मी धावत जाऊन परकर घेतला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आजोबा दोरी न धरता, भिंतीला हात लावत, घरात गेले ते बाहेर आलेच नाहीत.

संध्याकाळी मुलगा आला. या वेळी कुत्रा मागायला नव्हे. "वहिनी, आबा गावी जायचं म्हणतायत. तिथं परसात मोकळी जागा आहे, कुणाला विचारायला नको." मी विचारलं, गावी कोण आहे? म्हणाला, कुणी नाही, घर बंदच असतं, शेजारचे डबा देतील. आंधळा माणूस बंद घरात एकटा, आणि डबा शेजारचे देणार! पण त्याला तरी काय बोलू? बाप ऐकत नव्हता. एसटीचं तिकीट काढायला तो दुसऱ्या दिवशी जाणार होता.

माझं टाळकं सटकलं. तिथल्या तिथे अंगणात जाऊन मी हाका मारून सगळ्यांना बाहेर काढलं. ह्यांनाही. "ऐका. पाचव्या खोलीत कुत्रा राहणार. मी परवानगी दिली."

झालं! काकू म्हणाल्या, चावला तर? त्यांच्या घाटकोपरच्या बहिणीला म्हणे चावला होता. तिसरी खोली म्हणाली, मग पाटी कशाला लावलीत? चौथी म्हणाली, आमच्या कोंबड्याच्या मागे लागला तर देवाचा कोप होईल. आणि ह्यांनी हळूच विचारलं, "दोरीचं काय झालं गं?"

"दोरीचं काय झालं? हे बघा, त्यावर आत्ताही कुणाचा तरी लेंगा आहे!" मी ओरडले. "तुम्हाला मांजर चालते, कासव चालतं, देवाचा कोंबडा पहाटे बोंबलतो तो चालतो. आणि जो माणूस दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही, त्याला वाट दाखवणारं जनावर तेवढं चालत नाही? त्यांना संडासला जायचंय हो! संडासला! म्हणा एकदा सगळ्यांनी मोठ्याने, म्हणजे या चाळीतली लाज तरी संपेल!"

काकूंनी पुढे होऊन तो लेंगा काढला. तो त्यांच्याच घरातला होता.

कुत्रा आला. मुलाने लस टोचून आणला, म्युनिसिपालिटीचा बिल्ला गळ्यात घातला. सुख मला त्यानेही दिलं नाही. माझ्या दोन चपला खाल्ल्या, सबंध चाळ सोडून फक्त आमच्या ह्यांच्यावर भुंकायचा, आणि त्याचं निमित्त करून दुसऱ्या खोलीने आईच्या ब्लडप्रेशरसाठी पोपट मागितला. पण आजोबांना तो न चुकता न्यायचा आणि आणायचा. गावाचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे एका दुपारी मी जरा पाठ टेकते तोच मागच्या दाराची कडी वाजली. पाचव्या खोलीतली सून. कपाळाला आठ्या, पदर कमरेला खोचलेला, आवाज चांगला चढलेला.

"वहिनीनू, मामंजींका तुमीच कायतरी सांगा. सकाळपासून नुसती चाय मागतत. चाय झाली की पाणी, पाणी झाला की परत चाय. माझो स्टो विझणा नाय. कटाळो इलो माका!"

इतक्या वर्षांत भाडेकरूंच्या नाही नाही त्या तक्रारी ऐकून माझे कान किटले. ही एकच मी तिला परत सांगायला लावली.