चाळणीबाई आणि निळा ठिपका

औषधी वनस्पतींचे अर्क काढणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात तपासणीच्या खोलीतल्या बाईंना सगळे चाळणीबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण इतक्या मोठ्याने की बाईंना ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. प्रत्येक गोष्ट चाळून पाहण्याचा हा स्वभाव त्या घरीही घेऊन येत. साबणात नेमके काय काय आहे, हे विचारून त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला इतके भंडावले होते की त्या दिसल्या की तो आत जाऊन लपे. "बघायला आलो होतो मी, आणि उजेडाकडे धरून बघितलं हिनं मला," असे त्यांचे यजमान सांगत.

अशा बाईंच्या नशिबी व्याही आले ते मुळांचे व्यापारी. मुलाचे लग्न झाले आणि वर्षभरात त्यांची पोती कारखान्याच्या दारात उतरू लागली.

"बाई, सोयरीक घरी," मालकांनी बजावले. "इथं माल तो माल."

"मला सांगताय?" बाई म्हणाल्या.

आणि नेमका व्याह्यांच्याच मालात निळा ठिपका निघाला.

तपासणी साधी होती. मुळाची भुकटी मद्यार्कात भिजवायची, त्या अर्काचा थेंब पांढरा थर दिलेल्या काचपट्टीवर टेकवायचा आणि पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढते, आणि अर्कातले घटक आपापल्या वकुबाप्रमाणे कुणी पुढे, कुणी मागे थांबतात. मग काळ्या पेटीतल्या जांभळ्या दिव्याखाली पाहायचे. शेजारी खात्रीच्या जुन्या अर्काची रांग असते. दोन्ही रांगा जुळल्या की माल खरा. व्याह्यांच्या रांगेत मात्र सगळ्यांच्या वर एक ठिपका निळाशार चमकत होता. बाईंनी दुसरे पोते उघडले, तिसरे उघडले. ठिपका आपला हजर.

"भेसळ असेल तर त्यांचा माल कायमचा बंद," मालक म्हणाले, "आणि का बंद केला, ते मी बाजारात विचारेल त्याला सांगणार."

बाईंची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर. संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली होती. सूनबाईने चहाचा कप समोर आदळला.

"आई, आधी तपासून घ्या. माझ्या बाबांच्या मुलीनं केलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्याही कारखान्यात हजर. काखेत गाठोडे.

"विहीणबाई, ही मुळं मी स्वतःच्या हातानं खणलीत, स्वतः वाळवलीत. यात खोट निघाली तर मातीलाच फाशी द्या. पण माझ्या डोळ्यांदेखत तपासा."

बाईंनी गाठोड्यातले मूळ दळले आणि भुकटी चिमटीत घेऊन चोळून पाहिली. हातमोजे घाला, चमचा वापरा, असा नियम भिंतीवर लावलेला होता. पण तो नव्या लोकांसाठी, असे बाईंचे मत. "भुकटी बोटांना कळावी लागते. हातमोजे घालून कुणी बाळाला न्हाऊ घालतं का?" असे त्या विचारत.

पट्टी द्रावणात उभी राहिली. वाट पाहण्यापलीकडे काम नव्हते. व्याह्यांना अबोला सोसेना.

"मनगट कसं आहे? या पोत्यांबरोबर मी दिलेलं मलम लावता ना?"

"रोज सकाळी. उतार आहे."

"असणारच. चांगलं गंधपुऱ्याचं तेल घातलंय. लंगडा घोडा पळेल त्यानं."

मालक आले. तिघांची डोकी पेटीवर वाकली. निळा ठिपका होताच.

"संपलं," मालक म्हणाले.

व्याह्यांच्या तोंडचे पाणी पळाले. बाईंनी जड मनाने पेटीत बोट घातले. "हा बघा, व्याही, इथं..."

बोट निळे चमकले. नखाची कड चमकली, पेरांच्या रेघा चमकल्या. मनगटाभोवती तर बांगडी भरल्यासारखा निळा उजेड.

मालकांनी एकदा हाताकडे, एकदा पट्टीकडे पाहिले. मग व्याही अगदी हळू म्हणाले, "विहीणबाई, भेसळ तुमच्या बोटातच आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे बाईंना झाले. पण त्या चाळणीबाई होत्या. स्वतःलाही चाळून काढणे त्यांना भाग होते.

"मलम तुमचं, हात माझा," त्या मालकांकडे वळून म्हणाल्या. "मुळांचा काही दोष नाही. चूक माझी."

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे चढवले आणि पोत्यातले नवे मूळ दळून भुकटी चमच्याने काढली. पट्टी स्वच्छ. ठिपक्याचा मागमूस नाही.

व्याह्यांची छाती फुगली. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "सोन्यासारखा माल आहे तुझ्या बापाचा! तुझ्या सासूचंच..." बोलता बोलता त्यांना दिसले, की बाई पोत्यातली मुळे वजन करून भट्टीत ठेवताहेत.

"आता हे काय?"

"ओलावा बघायचाय."

व्याह्यांनी वाक्य अर्धेच टाकून फोन ठेवला.

दुपारी मुळे भट्टीतून निघाली ती चांगलीच हलकी होऊन. ओलावा हद्दीबाहेर.

"वाटेत पाऊस लागला असेल," व्याही म्हणाले.

मालकांनी खिडकीबाहेरच्या कोरड्या ठणठणीत आभाळाकडे पाहिले. "नळाचा का?"

"वजन भरावं म्हणून जरासा हबका मारला हो. सगळेच मारतात." मग एकदम उजळून, "पण भेसळ नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग बाजारात तसंच सांगा. ओला म्हणा, खोटा म्हणू नका."

मालकांनी हसू दाबत पोती परत पाठवली. वाळवून आणली तर घेऊ म्हणाले.

मुळे वाळली तेव्हा पोत्यांचा भार असा काही उतरला, की व्याही हमालाची वाट न पाहता एक पोते स्वतःच खांद्यावर टाकून तपासणीच्या खोलीत आले.

"घ्या, विहीणबाई, माझी अब्रू. वजनाला कमी भरेल, पण खरी आहे."

"ठेवा तिकडे," बाई म्हणाल्या. "आधी नमुना काढते."