ब्वालाईची भीड

ब्वालाईला जन्मात कुणाकडे काही मागता आलं नाही. बाजारात सुटे पैसे कमी आले तरी ती हसून पुढे व्हायची. नवरा गेल्यावर दिराने भाताचं खाचर स्वतःच्या नावावर करून घेतलं, तर ही त्याच्या घरी सणाचा चिकट भात पोचवून आली. आमच्याकडे अशा बाईला शहाणी म्हणतात. मला विचाराल तर भीड भिकेची बहीण, आणि ती बहीण ब्वालाईच्या घरी मुक्कामालाच होती.

दोन वर्षांपूर्वी तिने मिरच्या विकून जमवलेल्या पैशांत हप्त्याची भर घालून नवी गाडी घेतली. भिक्खूंनी छताला पांढरे ठिपके लावून आशीर्वाद दिला आणि ती गावातल्या म्हाताऱ्यांना उदोन शहरातल्या इस्पितळात नेऊ-आणू लागली. ठरलेली सवारी खम्पून आजीची. आजीची मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळची बस पोचेपर्यंत तिची पाळी निघून जायची, म्हणून ब्वालाईची गाडी हाच तिचा आधार. आजी जिभेची तिखट, पण भर एप्रिलात गाडीत शाल गुंडाळून बसायची. हातावरच्या सुयांच्या गाठी झाकत असेल, असं समजून ब्वालाईने कधी विचारलं नाही. आजीला उकडू नये म्हणून एसी मात्र ती पूर्ण सोडून ठेवायची.

मग गाडीचा गिअरबॉक्स गेला. गाडी वॉरंटीत, त्यामुळे दुरुस्ती फुकट, असं शोरूमचे मॅनेजर थीरदेत यांनी हात जोडून सांगितलं. फक्त सुटा भाग परदेशातून यायचा होता, पंधरा दिवस लागतील म्हणाले. त्याचे दोन महिने झाले. आजीला तर थांबता येत नव्हतं, म्हणून ब्वालाईने भाड्याची गाडी घेतली. तिचं भाडं आपणच भरायचं असतं, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं.

दर आठवड्याला ती भाजलेली केळी घेऊन शोरूममध्ये जायची. मॅनेजर ओशाळून म्हणायचे, अजून भाग आला नाही. ती म्हणायची, काही हरकत नाही, सावकाश होऊ द्या. आणि तिथून निघून पुढच्या आठवड्याचं भाडं भरायची. सवाऱ्यांचे पैसे त्यात गेले, मग गळ्यातली सोन्याची साखळी गहाण पडली. फुकटची दुरुस्ती तिला चांगलीच महागात पडत होती.

एके दिवशी इस्पितळातून परतताना तिने आजीला सांगितलं, की सोमवारपासून ही गाडी परत करावी लागणार, आता झेपत नाही. आजीची सोमवारची पाळी होती. सिग्नलला गाडी थांबली तशी आजी तिच्याकडे वळली.

“त्या शोरूमवाल्याला विचारलंस, भाडं कोण देणार म्हणून?”

“असं कसं विचारू, आजी? बिचारा आधीच किती ओशाळतो.”

“तो ओशाळतो आणि साखळी तुझी जाते. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, बये. वळव गाडी. मी नुसती बसून राहीन, बोलायचं तू.”

शोरूममध्ये आजी गुबगुबीत कोचावर बसली आणि फुकटची बिस्किटं खाऊ लागली. ब्वालाईने मॅनेजरांच्या मुलांची विचारपूस केली, मग त्यांच्या आईच्या गुडघ्याची. आजी खोकली. तेव्हा कुठे ब्वालाई मुद्द्यावर आली.

“साहेब, माझी गाडी तुमच्याकडे अडकलीय. मग मी भाड्याची चालवते तिचे पैसे कुणी द्यायचे?”

मॅनेजरांचे कान लाल झाले. “मावशी, वॉरंटीच्या करारात भाड्याचं काही नाही. पण अडचण असेल तर आम्ही शोरूमची गाडी वापरायला देतो. तुम्ही दर वेळी सावकाश होऊ द्या म्हणायचात. मला वाटलं, घरी दुसरी गाडी असेल.”

“मग विचारलं का नाही?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

कंपनीच्या बँकॉकच्या साहेबांनाही मॅनेजरांनी नेट लावून विचारलं नव्हतं, कारण ते वयाने मोठे. थोडक्यात, दोन सभ्य माणसं दोन महिने एकमेकांचं मन राखत बसली आणि साखळी मात्र सोनाराकडे जाऊन बसली. आता मात्र आजी बघत होती. मॅनेजरांनी तिथेच बँकॉकला फोन लावला आणि उभ्या उभ्याच बोलले. भरलेल्या भाड्यातलं निम्मं मंजूर झालं, सुटा भाग विमानाने मागवायचं ठरलं. उरलेल्या निम्म्यासाठी मी मागे लागतो, म्हणाले. ब्वालाई म्हणाली, मीही लागेन.

भाड्याची गाडी परत गेली. वापरायला मिळालेली शोरूमची गाडी काळी निघाली आणि ब्वालाईच्या जन्मवाराला काळा रंग वर्ज्य. आमच्याकडे अशा गाडीवर दुसऱ्या रंगाचं नाव लिहिलं की दोष टळतो, तेव्हा तिने मॅनेजरांकडे मागून काचेवर ‘ही गाडी पांढरी आहे’ अशी चिठ्ठीसुद्धा लावून घेतली. मागायची चटक लागते म्हणतात, ते खोटं नाही.

गावाच्या रस्त्याला लागल्यावर तिने सवयीने एसी पूर्ण सोडला. आजी बराच वेळ शालीशी चाळा करत होती.

“ब्वालाई, एक मागू का?”

“मागा की.”

“हा एसी बंद कर, बाई. दोन वर्षं कुडकुडतेय मी.”

ब्वालाईने गाडी कडेला घेतली. स्वतः ती ब्लाऊजावर दोन सदरे चढवून बसली होती. “अहो, मला तरी कुठे सोसतो? तुमच्यासाठीच लावत होते.”

आजीने तिच्या सदऱ्यांकडे बघितलं आणि हसता हसता तिला खोकला आला. ब्वालाईने चारही काचा खाली केल्या, वरचा सदरा काढला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. आजीने शालीची घडी करून मांडीवर ठेवली.