ठेक्याचा लेखी पुरावा

ठेकागुरुजींची हजेरी ठेक्यात चालायची. टेबलावर दोन्ही हातांनी ते केरवा धरायचे आणि पोरांनी बरोबर समेवर ‘हजर’ म्हणायचं. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून. सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या शाळेत मी नवी बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा मला तो पोरखेळ वाटला. महिन्याभरात माझाही पाय हलायला लागला.

“पोर पयलं ऐकतंय, मग बोलतंय, लिवतंय सगळ्यात शेवटी,” असं ते म्हणायचे. चिडले की त्यांची शाळेतली भाषा गळून पडायची आणि घरची बाहेर यायची.

कातकरीवाडीतली मंगली त्यांची लाडकी. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत. अक्षरांशी तिचं वाकडं. पण ढोलकीवर तिचा हात पडला की मोठी माणसं बोलायची थांबत. गणपतीनंतरच्या गायनस्पर्धेत मुरबाडला तीच वाजवणार, हे ठरलेलं होतं.

त्याच वर्षी क्षमतांचे तक्ते आले. सगळ्या विषयांना तेच रकाने: ऐकणे, वाचणे, लिहिणे. भाषेला ठीक होतं हो, पण संगीतालाही? तपासणीला आलेल्या साहेबांनी मंगलीपुढे कागद ठेवला आणि ठेक्याचे बोल लिहायला सांगितले. ती कागदाकडे बघत राहिली. साहेब म्हणाले, “लेखी पुरावा नाही. क्षमता अप्राप्त. स्पर्धेला नेता येणार नाही.”

“सायेब, ढोलकी हितं हाय, पोरगी हितं हाय. वाजवायला सांगा ना!”

“सगळ्या विषयांना मोजमाप एकच, गुरुजी.”

“पायलीनं कापड मोजता काय तुमी?”

साहेबांनी तक्ता भरायला माझ्याकडे सरकवला. मंगलीच्या नावापुढे ‘अप्राप्त’ लिहिलं ते मी. नोकरी नवी होती, असं मी स्वतःला सांगत आले; पण ते कारण नव्हे, तो भेकडपणा होता. गुरुजींनी त्या वर्षी स्पर्धेला शाळाच पाठवली नाही. मला मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत. मंगली भट्टीवर गेली ती शाळेत परतलीच नाही.

तक्त्यांची नावं पुढे दोनदा बदलली, रकाने तेच राहिले. बऱ्याच वर्षांनी मुरबाडच्या बाजारात मंगली भेटली, कडेवर पोर घेऊन. मी विचारलं, “ढोलकी वाजवतेस का गं अजून?”

“नाय बाई,” ती ओशाळून हसली. “मला कुठं येतंय ते? तुमीच तर लिवलं व्हतं कागदावर.”

गुरुजींना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ते नाहीत हे बरं, असं मला त्या एकाच दिवशी वाटलं.