पिक्चर संपेपर्यंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, माहेरी, कासू गावात, भावजयीलाही नाही. मुळात मी बोलते कमी. चौथीपर्यंत शिकले, लिहिता येतं, तेवढं पुरे — तोंडाने हे व्हायचं नाही.

माझी सासू मला आवडत नव्हती. आधी हे लिहून टाकते. पाहुण्यांपुढे म्हणायची, "तिला काय विचारता, चौथी पास हाय ती." सगळे हसायचे. मीही हसायचे — दुसरं काय करणार? यांची शिफ्ट सुटायची वेळ झाली की कपाळाला फडकं बांधून कण्हायला लागायची. रामवाडीची नणंद आली की जास्तच. दोनदा यांनी तिला रोह्याला डॉक्टरकडे नेलं, दोन्ही वेळा गॅस निघाला. तेव्हापासून माझ्या मनात बसलं — बाई नाटकी आहे.

हे खरं आहे. पण हे कारण नाही.

त्या दुपारी टीव्हीवर दवाखान्याचा पिक्चर लागला होता. एका आईला हृदयाचा आजार, मुलगी तिथेच नर्स. काय काम केलं होतं दोघींनी! आई मुलीपासून दुखणं लपवायची, हसता हसता तिचा ओठ थरथरायचा. तेवढ्यावर मी रडत होते — रंग लावलेल्या परक्या बाईसाठी. आणि सासू मागे खाटेवर.

"गो सुमन, छातीवर जड वाटतंय. पाठीतपन कळ येते."

मी मान वळवली नाही. "गॅस असंल. ओवा खावा."

"खाल्ला गो. त्याला फोन कर ना."

तेवढ्यात पिक्चरमधली आई छाती आवळून कोसळली. हातातला ग्लास फुटला, मुलीने किंकाळी फोडली. मी बोट दाखवलं. "बघा. दुखतं ती मानसं अशी करतात. तुमी तर बसून बोलताव."

ती टीव्हीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला तसं करता नाय येत गो."

मी आवाज वाढवला.

मध्ये नणंदेचा फोन आला. "आई काय करते गो वहिनी?"

"झोपल्यात," मी म्हटलं. झोपली कुठे होती? भिंतीला टेकून माझ्याकडेच बघत होती.

रिक्षातून नेली तेव्हा डॉक्टरने नुसती मान हलवली. मी सगळ्यांना सांगितलं, झोपेतच गेल्या, काही बोलल्याच नाहीत. आमचे हे अजून चारचौघांत सांगतात — आईला काही त्रास झाला नाही, पुण्यवान होती. नणंद माझे हात धरून म्हणाली, "तू जवळ होतीस वहिनी, म्हणून बरं." ते हात मी सोडवून घेतले नाहीत.

कुणी म्हणेल, ओळखता आलं नाही, चूक झाली. मीही स्वतःला इतकी वर्षं तेच सांगत आले. पण तसं नव्हतं. आता लिहिते —

रिमोट तिच्या उशाशी होता. आवाज वाढवायला तो घेतला, तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. डोक्यावर पंखा फिरत होता आणि बाई घामाने भिजली होती. तिचा हात माझ्या हाताला लागला — गार. असा घाम कुणाला मुद्दाम आणता येतो का? मला कळलं. तेव्हाच कळलं. फोन माझ्या कमरेला होता. पण पिक्चरमधल्या आईचं ऑपरेशन व्हायचं होतं, ती वाचते का ते मला बघायचं होतं. आणि हिला जरा सोसू दे, असंही वाटलं. दोन्ही वाटलं.

पिक्चरमधली वाचली. मी डोळे पुसले, टीव्ही बंद केला, आणि मग मागे वळले.