मोहावरचा भोंगा

आमचा संत्र्याचा बगीचा आणि नाला यांच्या मधे एक पडीत पट्टी आहे. पळस, बोरी, शिंदी, मधोमध एक जुनं मोहाचं झाड, आणि मोर, रानडुकरं यांचा राबता. सौसरला मास्तरकी करता करता मला ती जशीच्या तशी राखायचं वेड लागलं. मोठ्या भावाला तिथं आणखी संत्री लावायची होती.

"एक हंगाम देतो तुले," दादा म्हणाला. "डुकरं बगीच्यात आली, का जेसीबी लावलाच समज. मंग तुह्या मोरांले शाळेत भरती कर."

माझ्याजवळ युक्ती होती. आमच्याकडे जनावरं पळवायला शेतकरी स्वतःचा आवाज भरून भोंगा पिकात टांगतात. मीही भरला. आधी शिट्टी, मग "हुर्र! कोण हाय रे तिकडं?" समोरचा दात पडल्यामुळे माझी शिट्टी शेवटी फुस्स होते, पण डुकराला काय कळतं!

शहाण्यानं करावं ते मी केलं नाही. डुकरं पट्टीत राहतात, तर त्यांना घरीच झापू, म्हणून भोंगा पिकात न टांगता मोहावर टांगला, सोलरला जोडला आणि पांढुर्ण्याला साळ्याच्या लग्नाला निघून गेलो.

परतलो तेव्हा भर दुपार होती. पट्टीत शिरलो आणि पाय थबकले. टिटवी नाही, होला नाही, किडा किरकिरत नाही. डुकरांच्या वाटेवर कोळ्याचं जाळं आडवं, अखंड. तेवढ्यात माझाच आवाज आला: "कोण हाय रे तिकडं?" नाल्याच्या दरडीवर आपटून तोच प्रश्न पाठीमागूनही आला.

"मीच आहे," मी खरंच बोललो. भोंग्याचा विश्वास बसला नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

पट्टीतून हाकललेली डुकरं अर्थातच बगीच्यात गेली होती. झाडांची आळी उकरलेली, संत्री चघळून टाकलेली. ते पाहून दादा तरातरा पट्टीत आला. आला, आणि चारीकडं पाहू लागला.

"लहानपणी इथं काही ना काही हालून राहायचं, म्हणून भ्या वाटे," तो हळूच म्हणाला. "आता काहीच नाही हालून राहिलं, तं जास्त वाटते बे. काढ तो भोंगा. अजून एक हंगाम पाहू."

भोंगा त्याच दिवशी कपाटात गेला. पट्टी मात्र कित्येक दिवस तशीच मुकी राहिली. मग एका दुपारी आम्ही आळी भरत होतो, तर मोहावरून शिट्टी आली. शेवटी फुस्स झालेली.

"अबे, काढला नाही का तू?"

"घरी आहे, दादा."

दादाच्या हातचं फावडं तसंच राहिलं. शिट्टी पुन्हा आली, आणि मोहातून एक काळा पक्षी उडाला. शेपटीला दोन लांब पिसं. दुसऱ्यांच्या आवाजाची नक्कल करणारा भृंगराज.

दादानं फावडं उचललं. "राहू दे पट्टी," तो म्हणाला. "पण तुह्या तोंडचं आणखी काही नाही शिकला तं बरं."

अजून शिट्टीच येते. "कोण हाय रे तिकडं?" हा पुढचा प्रश्न त्यानं विचारला, तर काय उत्तर द्यायचं, मी ठरवलेलं नाही.