सीआरपी खाली आल्याशिवाय सुट्टी नाही

आमच्या धुळाजीला खोटं बोलता येत नाही, असं त्याची बायको भामाबाई सांगते. येतं की! दुखणं विचारून बघा. "कायबी न्हाई" हे त्याचं सगळ्या आजारांवरचं उत्तर. फुफ्फुसात पाण्याची भलीमोठी गाठ घेऊन हा बाबा धर्मापुरीच्या माळावर मेंढरं चारत होता, तेव्हाही कायबी न्हाई.

शेवटी ऑपरेशन करून गाठ काढली. टाके ओले होते तोवरच त्याने धोसरा लावला: मेंढ्या व्यायला आल्यात, घरी सोडा. डॉक्टर दिसले की खोकला दाबून धरायचा, म्हणजे गडी ठणठणीत वाटावा. छातीत कफ साचू नये म्हणून श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, ते पोरांचं खेळणं म्हणून त्याने उशाखाली सारलं.

एका सकाळी डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. "बाबा, तुमचा सीआरपी उतरला होता, तो परत चढलाय. आत सूज आहे. तो खाली आल्याशिवाय सुट्टी नाही."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. आमच्या गावात सीआरपी एकच, गीताबाई. बचत गटांचं काम बघणाऱ्या बाईला सीआरपी म्हणतात. बैठकीला दांडी मारणारीला ती चुलीपुढून उठवून आणते. राहायला टेकाडावरच्या वस्तीवर.

"चढंलच की, घर वर हाय तिचं," धुळाजी म्हणाला. "पर माझी सूज तिला कशी ठावं?"

"सीआरपी खोटं बोलत नाही, बाबा."

"गीताबाई? लई बोलती!"

डॉक्टर तोवर पुढच्या खाटेपाशी गेले होते.

भामाबाईने रडतच फोन लावला. "गीताबाई, तुमी खाली आल्याबिगर आमच्या मालकाला सोडीत न्हाईत."

गीताबाईने कारणही विचारलं नाही, दुपारच्या एसटीने हजर. डॉक्टरांकडून घोळ ऐकून आधी पोट धरून हसली. मग उशाखालचं यंत्र दिसलं आणि तिचं हसू गेलं.

"तात्या, हे कावून वापरत न्हाई?"

"कायबी न्हाई, आसंच."

"खरं सांगा."

"खोकलं की छाती फाटल्यागत होतीय, बाई. लई भेव वाटतंय."

हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. भामाबाईला राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

डॉक्टरांनी सुईतून नवं औषध सुरू केलं. चेंडूंची बाजू गीताबाईने तिथेच मुक्काम ठोकून सांभाळली. छातीशी उशी धरायला लावली आणि बजावलं, "ओढा. बैठक सोडून उठायचं न्हाई!" धुळाजी ओढायचा, खोकायचा, तिला शिव्या घालायचा, पुन्हा ओढायचा. तिसरा चेंडू वर टेकला तेव्हा शेजारच्या खाटेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

तीन दिवसांनी रक्त पुन्हा तपासलं. "सीआरपी खाली आला," डॉक्टर म्हणाले. "असाच राहिला तर उद्या घरी."

गीताबाईने परतीसाठी पिशवी उचलली. रक्तातला सीआरपी वेगळा आणि गावातली वेगळी, हे धुळाजीला एव्हाना पक्कं कळलं होतं. तरी तो घाईघाईने उठून बसला.

"गीताबाई, आजच्या दिस ऱ्हावा की. तुमी वर गेल्यावर त्यो बी चढला म्हंजी?"